चहाच्या मगला कुलूप लावणारा माणूस



मागच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही हॉस्टेलवर परत येत होतो. एसटी स्टँडवर ही गर्दी! माझ्या रूममेटच्या एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात फराळाचा डबा आणि मोबाईल जीन्सच्या मागच्या खिशात. सीट मिळाल्यावर तिने खिसा चाचपला, तेव्हा मोबाईल गेलेला होता. त्याला लॉकसुद्धा नव्हता. सारखा सारखा पॅटर्न काढायचा कंटाळा येतो म्हणून तिने तो काढून टाकला होता.

त्या रात्री ती झोपली नाही. आम्हाला वाटलं पैशांचं दुःख असेल, कारण बाबांनी हप्त्यांवर घेऊन दिलेला मोबाईल होता. पण रात्री दोन वाजता ती बोलायला लागली तेव्हा कळलं की गोष्ट वेगळीच आहे. मोबाईलमध्ये तिच्या आणि तिच्या मित्राच्या गप्पा होत्या. आमचे रूममधले फोटो होते. घरच्या कर्जाच्या कागदांचे फोटो होते, बँकेचं ॲप होतं. आणि ती पोलिसांकडे जायला तयार नव्हती. मोबाईल सापडला आणि कुणी तो उघडून बघितला तर? घरी कळलं तर? म्हणजे चोरी तिच्याकडे झाली होती आणि घाबरलेलीही तीच होती!

तेव्हा मला ॲलन ट्युरिंग आठवला. कॉम्प्युटर ब्रँचवाल्यांनी ट्युरिंग मशीनवरचे प्रश्न परीक्षेत सोडवलेले असतात, पण त्या मशीनमागचा माणूस आपल्या सिलॅबसमध्ये नाही. आयुष्यभर कुलपं आणि किल्ल्या यांच्याच मागे असलेला हा माणूस, आणि त्याच्या घरी झालेल्या एका फालतू चोरीने त्याचं सगळं आयुष्य उधळून गेलं. त्याची गोष्ट सांगायचा हा प्रयत्न. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मराठीत एवढं मोठं पहिल्यांदाच लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

ॲलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला, पण त्याचं घर खरं म्हणजे भारतातलं. वडील ज्युलियस ट्युरिंग आयसीएस अधिकारी होते आणि त्यावेळच्या मद्रास इलाख्यात, आजच्या ओडिशातल्या छत्रपूरला, त्यांची नेमणूक होती. आईचे वडील मद्रासच्या रेल्वेत चीफ इंजिनियर होते. भारतातलं हवामान मुलांना मानवणार नाही म्हणून ॲलन आणि त्याचा मोठा भाऊ जॉन यांना इंग्लंडमध्येच एका जोडप्याकडे सांभाळायला ठेवलं होतं. आईवडील बोटीने जाऊन-येऊन असत. हॉस्टेलचं पहिलं वर्ष आठवा, म्हणजे त्या मुलांचं बालपण कसं गेलं असेल ते कळेल.

तेराव्या वर्षी त्याला शेरबोर्न नावाच्या बोर्डिंग स्कूलमध्ये घातलं. शाळेत हजर व्हायच्या दिवशीच, मे १९२६ मध्ये, इंग्लंडमध्ये मोठा देशव्यापी संप झाला आणि रेल्वे बंद. हा मुलगा साउदॅम्प्टन बंदरावर उतरला, सायकल काढली आणि वाटेत एका खाणावळीत मुक्काम करून साठ मैल सायकल मारत शाळेत पोचला. शाळेत तो अव्यवस्थित म्हणून प्रसिद्ध होता. अक्षर वाईट, वहीवर शाईचे डाग, पण गणित स्वतःच्या पद्धतीने सोडवायचा. तिथे त्याला ख्रिस्तोफर मॉर्कम नावाचा एक जिवलग मित्र मिळाला. दोघे मिळून ताऱ्यांचा आणि रसायनशास्त्राचा अभ्यास करत. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयाने गेला. ॲलन तेव्हा सतरा वर्षांचा होता. या मित्रावर त्याचं प्रेम होतं आणि ते त्याने जन्मभर मनात जपलं. पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं हा त्या काळी इंग्लंडमध्ये गुन्हा होता. म्हणजे स्वतःबद्दलची एक गोष्ट कुलपात ठेवायची, हे त्याला फार लवकर शिकावं लागलं.

पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये गणित, बावीसाव्या वर्षी तिथेच फेलोशिप आणि १९३६ मध्ये तो प्रसिद्ध पेपर. एक लांबलचक पट्टी, त्यावर चिन्हं वाचणारं-लिहिणारं एक काल्पनिक यंत्र आणि मोजके नियम, एवढ्यावर कुठलीही आकडेमोड करता येते, असं त्याने त्यात दाखवलं. आज आपल्या खिशातला मोबाईल त्याच कल्पनेवर चालतो. नंतर तो अमेरिकेत प्रिन्स्टनला गेला आणि १९३८ मध्ये पीएचडी करून परत आला.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्कला हजर झाला. लंडनच्या वायव्येला असलेला हा एक जुना बंगला, आणि त्याच्या आवारात लाकडी शेड. तिथे जर्मन सैन्याचे सांकेतिक संदेश फोडायचं काम चालायचं. जर्मनांकडे एनिग्मा नावाचं टाईपरायटरसारखं यंत्र होतं. एक अक्षर दाबलं की फिरत्या चाकांमधून आणि वायरींमधून जाऊन भलतंच अक्षर पेटायचं. रोज चाकं आणि वायरी कशा लावायच्या ही त्या दिवसाची किल्ली. पाचातली तीन चाकं आणि दहा वायरी धरल्या तर अशा किल्ल्या किती? १५९ वर अठरा शून्यं, जवळजवळ इतक्या! आपल्या मोबाईलचा चार आकडी पिन घेतला तर १०,००० शक्यता होतात, सहा आकडी घेतला तर १० लाख आणि नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नच्या ३,८९,११२. एनिग्मापुढे आपण कुठे?

तरीही एनिग्मा फुटलं. पहिलं श्रेय पोलंडच्या तीन गणितज्ञांचं. मारियान रेयेव्स्की आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ पासूनच त्यात हात घातला होता आणि युद्धाच्या तोंडावर, जुलै १९३९ मध्ये, आपलं सगळं ज्ञान त्यांनी ब्रिटिश आणि फ्रेंचांना देऊन टाकलं. त्याच्यापुढे ट्युरिंगने बॉम्ब नावाचं विजेवर चालणारं यंत्र रचलं. पहिलं यंत्र मार्च १९४० मध्ये बसवलं, गॉर्डन वेल्शमनने त्यात मोठी सुधारणा केली आणि युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेच्या आसपास यंत्रं झाली.

आता यातली गंमत बघा. हे यंत्र सगळ्या किल्ल्या आंधळेपणाने लावून बघत नव्हतं, तेवढा वेळच नव्हता. त्याचा आधार होता माणसांच्या सवयी. जर्मन रोज ठराविक वेळी ठराविक शब्दांत हवामानाचा अहवाल पाठवत, म्हणजे संदेशात कुठले शब्द असणार याचा अंदाज यायचा. एनिग्मामध्ये एखादं अक्षर कधीच स्वतःसारखं उमटायचं नाही, त्यावरून तो अंदाज कुठे बसतो तेही कळायचं. आणि कंटाळलेले ऑपरेटर संदेशासाठी अक्षरं निवडताना मैत्रिणीच्या नावातली किंवा कीबोर्डवरची लागोपाठची अक्षरं टाकायचे! कुलूप भक्कम होतं हो, पण लावणारा आळशी होता. आपल्या विंगमध्ये एकदा सहज विचारून बघा. कुणाचा पिन जन्मतारीख आहे, कुणाचा १२३४ आणि कुणाचा पॅटर्न म्हणजे नावाचं पहिलं अक्षर. मग त्या १० लाख शक्यतांचा उपयोग काय?

ट्युरिंगकडे जर्मन नौदलाचं एनिग्मा होतं, ते सगळ्यात अवघड. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये ब्रिटनकडे येणारी धान्याची आणि तेलाची जहाजं बुडवत होत्या. ९ मे १९४१ ला ब्रिटिश नौदलाने यू-११० ही पाणबुडी पकडली. त्यात एनिग्मा यंत्र सापडलं, पण जास्त मोलाची होती ती सोबतची कोडबुकं. यंत्र नुसतं हातात येऊन काही होत नाही, दिवसाची किल्ली हवी. त्या किल्ल्या मात्र यंत्राशेजारीच ठेवलेल्या होत्या. मोबाईलच्या कव्हरमध्ये एटीएम कार्ड आणि त्याचा पिन लिहिलेली चिठ्ठी ठेवणारे आपण, दुसरं काय करतो? पासवर्ड मेसेजमध्ये स्वतःलाच पाठवून ठेवणं हाही त्यातलाच प्रकार.

ब्लेचलीत ट्युरिंगच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी पुष्कळ. जूनमध्ये परागकणांचा त्रास होऊ नये म्हणून तो तोंडाला गॅस मास्क लावून सायकल चालवायचा. सायकलची चेन ठराविक फेऱ्यांनंतर पडायची, तर दुरुस्त करण्याऐवजी हा फेऱ्या मोजायचा आणि चेन पडायच्या आत उतरायचा. आणि ऑफिसमध्ये आपला चहाचा मग कुणी नेऊ नये म्हणून त्याने तो खोलीतल्या रेडिएटरला साखळीने बांधून कुलूप घातलं होतं! लोक हसायचे. पण ज्याचा मग हॉस्टेलमधून गेलाय तो हसणार नाही. स्वतःची वस्तू बांधून ठेवणं म्हणजे इतरांना चोर म्हणणं नव्हे, ही साधी गोष्ट त्याला कळली होती. माझी रूममेट रीडिंग रूममध्ये मोबाईल चार्जिंगला लावून चहाला जायची. आपण सगळेच जातो.

त्याची दुसरी एक गोष्ट मला जास्त आवडते. १९४० मध्ये हिटलर इंग्लंडवर चालून येणार असं वाटत होतं. बँकेतले पैसे बुडतील म्हणून ट्युरिंगने सुमारे २५० पौंडांच्या चांदीच्या लगडी घेतल्या, लहान मुलाच्या बाबागाडीतून नेल्या आणि ब्लेचलीजवळ दोन ठिकाणी पुरल्या. कुठे पुरल्या याची नोंद अर्थातच सांकेतिक लिपीत केली. युद्ध संपल्यावर शोधायला गेला तर खुणा बदललेल्या. मेटल डिटेक्टर नेला, मित्राला नेलं, पण चांदी काही मिळाली नाही. एनिग्मा फोडणाऱ्या माणसाला स्वतःचीच चांदी सापडेना! म्हणजे चोरापासून वस्तू लपवायची आणि आपल्यालाही ती मिळू नये, असं होऊन चालत नाही. मोबाईलच्या बाबतीत याचा अर्थ बॅकअप. फोटो, नोट्स आणि प्रोजेक्टच्या फाइली दुसरीकडे कुठेतरी असल्याच पाहिजेत आणि ईमेलचा पासवर्ड चोरीनंतरही आपल्याला आठवला पाहिजे. कारण मोबाईल शोधायचा किंवा लांबून पुसायचा तर आधी त्याच खात्यात शिरावं लागतं.

१९४३ च्या सुरुवातीला ट्युरिंग अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होता. तिथे आवाज सांकेतिक करून फोनवर पाठवायची एक यंत्रणा तयार झाली होती, तिला पूर्ण खोली लागायची. परत आल्यावर त्याने ठरवलं, हेच काम छोट्या पेटीत करायचं. हॅन्स्लोप पार्क इथे डोनाल्ड बेली या तरुण इंजिनियरबरोबर तो स्वतः सोल्डरिंग करत बसला. त्या यंत्राचं नाव डिलायला. बोलणाऱ्याचा आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजायचा, प्रत्येक मापात किल्लीतला एक आकडा मिसळायचा, की ऐकणाऱ्याला नुसती खरखर. पलीकडे तोच आकडा वजा केला की मूळ आवाज परत. चर्चिलच्या भाषणाची रेकॉर्ड वापरून त्याने ते चालवून दाखवलं. तोपर्यंत युद्ध संपत आलं होतं, त्यामुळे डिलायला कधी वापरात आली नाही. पण मला तो आपल्या मोबाईलचा पूर्वज वाटतो. आजच्या स्मार्टफोनमध्ये साठवलेला सगळा डेटा असाच किल्लीने मिसळून ठेवलेला असतो आणि आपला पिन त्या किल्लीचं दार उघडतो. पिनच नसेल तर दार सताड उघडं. माझ्या रूममेटच्या मोबाईलमध्ये हे सगळं गणित होतं, तिने फक्त कडी लावली नव्हती.

युद्धानंतर ट्युरिंगला सरकारी किताब मिळाला, पण कशासाठी ते सांगायची बंदी होती. ब्लेचलीत हजारो माणसांनी काम केलं आणि १९७० च्या दशकापर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. त्याने कॉम्प्युटरचं डिझाईन केलं, मँचेस्टर विद्यापीठात गेला, १९५० मध्ये यंत्राला विचार करता येईल का यावर तो गाजलेला लेख लिहिला, १९५१ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. मॅरेथॉन तो २ तास ४६ मिनिटांत पळायचा. मँचेस्टरजवळ विल्म्सलोला त्याने स्वतःचं घर घेतलं.

जानेवारी १९५२ मध्ये त्या घरात चोरी झाली. काय गेलं? थोडे कपडे, काटे-सुऱ्या, एक होकायंत्र, असं किरकोळ सामान. सगळं मिळून पन्नास पौंडांच्या आसपास. ट्युरिंगने सरळ पोलिसांत तक्रार केली. एकोणीस वर्षांच्या ज्या तरुणाशी त्याचं नातं जुळलं होतं, त्याच्या ओळखीच्या एकाने ही चोरी केली होती. असा माणूस पोलिसांकडे जायची हिंमत करणार नाही, हा चोराचा हिशोब. तो जवळजवळ बरोबरच होता, फक्त ट्युरिंग घाबरणारा नव्हता. त्या तरुणाचं नाव वाचवायला त्याने आधी काहीतरी जुळवून सांगितलं, पण पोलिसांना संशय आला. ते घरी आले आणि प्रश्न चोरीबद्दल न राहता त्याच्याबद्दल सुरू झाले. त्याने सगळं खरं सांगून टाकलं आणि सविस्तर जबाब लिहून दिला. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

चोरीची तक्रार करणारा आता आरोपी झाला. १८८५ च्या कायद्याखाली ३१ मार्च १९५२ रोजी खटला उभा राहिला. त्याने देशासाठी काय केलं हे कोर्टात सांगता येत नव्हतं, कारण तेही गुपितच होतं! तुरुंगाऐवजी त्याला एक वर्ष हार्मोन्सचे उपचार घ्यावे लागले. त्याने शरीर बदललं. सरकारी गुप्त कामाची दारं त्याला कायमची बंद झाली. तरी तो काम करतच राहिला. प्राण्यांच्या अंगावरचे पट्टे आणि ठिपके कसे तयार होतात यावरचा त्याचा पेपर त्याच वर्षीचा आहे. ७ जून १९५४ ला, बेचाळिसावा वाढदिवस सोळा दिवसांवर असताना, सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. आईला शेवटपर्यंत तो अपघात वाटत होता, कारण घरी तो रसायनांचे प्रयोग करायचा.

ब्रिटिश सरकारने २००९ मध्ये त्याची माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने मरणोत्तर माफी दिली आणि २०२१ मध्ये पन्नास पौंडांच्या नोटेवर त्याचं चित्र आलं. त्याच्या चोरीचा हिशोब पन्नास पौंडांचाच होता, हा योगायोग मला फार बोचतो. इंग्रजांनी तसाच कायदा १८६० मध्ये आपल्याकडेही ठेवला होता, कलम ३७७. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं आणि पुढच्याच वर्षी, ६ सप्टेंबर २०१८ ला, दोन प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द केलं.

त्या रात्री मी रूममेटला ही सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणजे काही ट्युरिंग नाही आणि आजचा काळही १९५२ चा नाही. तिने कुठलाही गुन्हा केला नव्हता. मग घाबरून गप्प बसायचं कारण काय? आम्ही पहाटे माझ्या लॅपटॉपवरून तिच्या खात्यात शिरलो, मोबाईल लांबून पुसायची सूचना दिली, कस्टमर केअरला फोन करून सिम बंद केलं, बँकेला कळवलं. सकाळी मेसचा नाश्ता सोडून चौघी पोलीस स्टेशनला गेलो. चौकीतल्या मॅडमनी तक्रार लिहून घेतली, मोबाईलमध्ये काय होतं असं एकदाही विचारलं नाही. ती प्रत वापरून संचार साथी पोर्टलवर आयएमईआय नंबर ब्लॉक केला. २०२३ पासून ही सोय देशभर आहे. नंबर मोबाईलच्या खोक्यावर होता, नशीब खोकं टाकलं नव्हतं. मोबाईल परत मिळाला नाही. पण त्यातलं काही बाहेरही आलं नाही.

तर मंडळी, आज जेवण झाल्यावर दहा मिनिटं काढा. सहा आकडी पिन टाका, वाढदिवसाचा नको. सिमलाही पिन लावता येतो, नाहीतर चोर तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेतो. कंपनीकडून मूळ पिन विचारून मगच बदला, तीनदा चुकला तर सिम अडकतं. लॉक असताना स्क्रीनवर मेसेज दिसू देऊ नका. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय नंबर बघा आणि जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पैसेच गेले तर सायबर हेल्पलाइनचा नंबर १९३०.

आणि एक शेवटचं. कधी कुणाच्या मोबाईलमधलं काही फिरत फिरत तुमच्या ग्रुपवर आलं, तर ते पुढे पाठवू नका. ट्युरिंगच्या घरून चोराने काटे-सुऱ्याच नेल्या होत्या. बाकीचं सगळं सभ्य माणसांनी केलं.